बरोबरीनंतरचा क्रम : अमेरिकी महाविद्यालयीन कॉन्फरन्समधील मानांकनाचे नियम

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंघ ज्या गटांत राहून हंगामभर एकमेकांशी खेळतात, त्या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. १८९६ मध्ये आकाराला आलेली बिग टेन, १९३२ मधील साउथईस्टर्न आणि १९५३ मधील अटलांटिक कोस्ट ही त्यांतील काही ठळक नावे. देशभरच्या महाविद्यालयीन खेळांवर देखरेख ठेवणारी एनसीएए ही संघटना १९०६ पासून अस्तित्वात असली, तरी एखाद्या कॉन्फरन्सने आपल्या संघांचा क्रम कसा लावावा यात ती लक्ष घालत नाही. वेळापत्रक, गुणतक्ता आणि त्यासंबंधीचे नियम ही प्रत्येक कॉन्फरन्सची स्वतःची मालमत्ता असते. या क्रमाला खरे मोल येते ते हंगामाच्या अखेरीस. बास्केटबॉलचे साखळी सामने मार्चच्या सुरुवातीस संपले की प्रत्येक कॉन्फरन्स बाद पद्धतीची एक स्पर्धा भरवते आणि तिच्या विजेत्याला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. बाद स्पर्धेत कोणी कोणाशी आणि कोणत्या फेरीपासून खेळायचे हे साखळीतील स्थानावरून ठरते, त्याला मानांकन म्हणतात. आणि दोन किंवा अधिक संघांचे जय-पराजय सारखेच भरले, तर त्यांतील वरचा कोण हे ठरवणारे नियम म्हणजे टायब्रेकर. प्रस्तुत ग्रंथ या नियमांविषयी आहे.

विषय वरवर पाहता कारकुनी वाटेल. तो तसा नाही, हे एका कॉन्फरन्सच्या वेळापत्रकावर नजर टाकली तरी ध्यानात येते. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये २०२४ पासून १६ विद्यापीठे आहेत आणि २०२५ च्या बाद स्पर्धेत ती सर्व खेळली. मात्र पहिल्या चार मानांकितांना दोन फेऱ्यांची पुढे चाल मिळाली, पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांना एका फेरीची, आणि उरलेल्या आठांना पहिल्या दिवसापासून उतरावे लागले. म्हणजे चौथ्या क्रमांकाच्या संघाला विजेतेपदासाठी तीन सामने जिंकायचे होते, पाचव्याला चार आणि नवव्याला पाच दिवसांत पाच. साखळीत तंतोतंत सारखी कामगिरी केलेल्या दोन संघांपैकी एक चौथा आणि एक पाचवा ठरतो तेव्हा एका संघाला एका दिवसाची विश्रांती मिळते आणि दुसऱ्याला दमलेल्या पायांनी उपांत्यपूर्व फेरी गाठावी लागते. बिग टेनमध्ये तर त्याच वर्षी पुरुषांच्या १८ संघांपैकी केवळ १५ जणांनाच बाद स्पर्धेत जागा होती; तेथे पंधराव्या आणि सोळाव्या स्थानांमधील बरोबरी सुटणे म्हणजे एका संघाचा हंगाम संपणे होते.

या स्पर्धांना इतके वजन पूर्वीपासून आहे. १९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जात असे आणि अटलांटिक कोस्टमध्ये तो मान साखळीतील अव्वल संघाला नव्हे, तर बाद स्पर्धेच्या विजेत्याला मिळे. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले आणि देशातील पहिल्या काही संघांत गणला जाणारा मेरीलँडचा संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एकाच कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ निवडण्याची वाट खुली झाली. आता बलाढ्य कॉन्फरन्समधील संघांना निवड समितीच्या मर्जीने मिळणाऱ्या जागांचा आधार असतो. लहान कॉन्फरन्समधील संघाला मात्र आजही बाद स्पर्धा जिंकण्याखेरीज दुसरा रस्ता क्वचितच असतो, आणि म्हणून मानांकनाची किंमत तेथे अधिक आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला बरोबरी सोडवण्याचा पहिला उपाय सुचेल तो निव्वळ धावगतीचा. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे गुण सारखे झाले तेव्हा न्यूझीलंड धावगतीवर उपांत्य फेरीत गेला, याचे कोणाला फारसे नवल वाटले नाही. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना चौकार-षटकारांच्या संख्येवर निकालात काढला गेला तेव्हा मात्र जगभर टीका झाली आणि तो नियम मागे घ्यावा लागला. अमेरिकी महाविद्यालयीन खेळात विजयाचे अंतर मोजण्याचा हा मार्ग सहसा टाळला जातो आणि त्यामागे कारण आहे. सामना हातात आलेला असताना दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर गुण चढवत राहणे तेथे असभ्य समजले जाते. विजयाचे अंतर क्रमवारीत धरले, तर प्रशिक्षक शेवटच्या मिनिटापर्यंत मुख्य खेळाडू मैदानावर ठेवतील आणि राखीव विद्यार्थ्यांना खेळायलाच मिळणार नाही, ही भीती रास्त आहे. साउथईस्टर्नच्या २०२४ मधील अमेरिकी फुटबॉलच्या नियमांत गुणफरकाला जागा मिळाली ती बरीच खालची, आणि तीही कमाल मर्यादा घालून. अंतर वर्ज्य केले की हाती उरतात केवळ जय आणि पराजय. आणि एवढ्या थोड्या सामग्रीतून क्रम निर्माण करायचा असल्यामुळेच हे नियम इतके लांबलचक झाले आहेत.

नियम लिहिलेलेच नसले तर काय होते, याचे उदाहरण बिग टेनच्या इतिहासात आहे. २४ नोव्हेंबर १९७३ रोजी ॲन आर्बर येथे मिशिगन आणि ओहायो स्टेट यांच्यातील फुटबॉलचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जादा वेळ खेळवण्याची पद्धत तेव्हा नव्हती, ती १९९६ मध्ये आली. दोन्ही संघ हंगामभर अपराजित होते, दोघांचे स्थान एकच होते आणि नववर्षदिनाच्या रोझ बोल सामन्याला त्यांतील एकालाच जाता येणार होते; त्याखेरीज अन्य कोणत्याही बोल सामन्यात, म्हणजे हंगामोत्तर निमंत्रित सामन्यात, खेळण्यास बिग टेनच्या संघांना मज्जाव होता. ओहायो स्टेट आदल्या वर्षी जाऊन आला असल्याने यंदा मिशिगनची पाळी, असा बहुतेकांचा समज होता. निर्णय दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांच्या मतांवर सोपवला गेला आणि तो सहा विरुद्ध चार मतांनी ओहायो स्टेटच्या बाजूने लागला. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असणारा खेळाडू, त्या सामन्यात खांद्याचे हाड मोडून बसला होता आणि त्याच्याशिवाय हा संघ कॉन्फरन्सची लाज राखील का, असा हिशेब मत देणाऱ्यांनी केला असे पुष्कळांनी मानले. प्रशिक्षक बो शेम्बेकलर यांनी हा निर्णय आयुष्यभर अन्याय म्हणूनच सांगितला. एकही सामना न हरलेला संघ घरी बसला, याची बोच इतकी लागली की १९७५ च्या हंगामापासून बिग टेनने अन्य बोल सामन्यांचे दार उघडले. हंगाम सुरू होण्यापूर्वी, कोणाचा लाभ कशात आहे हे कोणालाच ठाऊक नसताना बरोबरीचे नियम लिहून ठेवण्याची गरज या प्रकरणाइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही दिसलेली नाही.

बरोबरी मैदानावरच सोडवण्याचा मार्गही होता आणि तो आयव्ही लीगने दीर्घकाळ जपला. या आठ विद्यापीठांच्या गटात प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा, अशा १४ सामन्यांची साखळी खेळे, आणि अव्वल स्थानी बरोबरी झाली तर त्रयस्थ मैदानावर एक निर्णायक सामना होई. २०११ मध्ये प्रिन्स्टनने हार्वर्डला शेवटच्या क्षणाच्या बास्केटवर ६३-६२ असे नमवले. २०१५ मध्ये हार्वर्डने येलला ५३-५१ असे मागे टाकले. चार संघांची बाद स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाल्यावर ही प्रथा संपली. निर्णायक सामन्याइतका निर्विवाद टायब्रेकर दुसरा नाही, परंतु तो एकाच जागेसाठी परवडतो. सोळा-अठरा संघांच्या तक्त्यात चार ठिकाणी बरोबऱ्या असतील आणि बाद स्पर्धा तीन दिवसांवर आली असेल, तर कागदावरच निकाल लावणे भाग असते.

कागदावरच्या पहिल्या पायरीविषयी सहसा मतभेद नसतो. दोन संघ बरोबरीत असतील तर त्यांच्या आपसांतील सामन्यांचा निकाल पाहावा, हे न्यायाला धरून आहे. अडचण सुरू होते ती तिसरा संघ आला की. तेव्हा बरोबरीतील संघांचा एक छोटा तक्ता कल्पून त्यांनी एकमेकांविरुद्ध खेळलेले सामने तेवढे मोजले जातात. समजा, क, ख आणि ग हे तीन संघ पहिल्या स्थानी बरोबरीत आहेत. क ने ख ला दोनदा हरवले, क आणि ग यांनी एकमेकांविरुद्ध एकेक सामना जिंकला, आणि ख व ग एकदाच भेटले तेव्हा ख जिंकला. छोट्या तक्त्यात क चे तीन विजय आणि एक पराभव, तर ख आणि ग या दोघांचाही एक विजय आणि दोन पराभव असा हिशेब होतो. क ला पहिले मानांकन मिळाले. आता उरलेल्या दोघांचे काय करायचे? नियम पुढच्या पायरीकडे जा असे सांगत असेल, तर बहुधा अव्वल संघाविरुद्धची कामगिरी पाहिली जाईल. ग ने क ला एकदा हरवले आहे, ख ने एकदाही नाही, तेव्हा ग दुसरा. परंतु नियम पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा असे सांगत असेल, तर ख आणि ग यांचा आपसांतील सामना निर्णायक ठरेल आणि ख दुसरा येईल. पाचही सामन्यांचे निकाल तेच आहेत, फक्त एका वाक्याने दुसरा आणि तिसरा यांची अदलाबदल झाली. बहुतेक कॉन्फरन्स पुन्हा पहिल्या पायरीवर येण्याची रीत पाळतात, आणि ती अधिक सयुक्तिक आहे, कारण क बाजूला झाल्यावर ख आणि ग यांच्यातील प्रश्न हा निखळ दोन संघांचा प्रश्न उरतो. गुणतक्ता पाहून घाईने भाकिते करणारे वार्ताहर नेमके येथेच चुकतात.

आपसांतील सामन्यांनी उकल झाली नाही तर दुसरी पायरी येते : तक्त्यात सर्वांत वर असलेल्या संघाविरुद्ध कोणाची कामगिरी सरस, तेथेही समानता असेल तर त्याखालच्या संघाविरुद्ध, असे एकेक स्थान उतरत जायचे. बलवानाला हरवणे हे दुर्बलाला हरवण्यापेक्षा मोलाचे, असा निवाडा या पायरीत गृहीत आहे. तो पटण्यासारखा असला तरी त्याची उलट बाजूही आहे. कारण एकूण जय-पराजय सारखे असताना ज्याने अव्वल संघाला हरवले तो कुठेतरी खालच्या संघाकडून हरलेला असणारच, आणि त्या पराभवाकडे मात्र हा नियम काणाडोळा करतो. शिवाय उतरताना वाटेत आणखी एखादी बरोबरी आडवी आली, उदाहरणार्थ चौथ्या स्थानी तीन संघ एकत्र असले, तर त्यांची उकल आधी करायची की त्यांना एक गट समजून त्या गटाविरुद्धची कामगिरी मोजायची, हेही लिहून ठेवावे लागते. बहुधा गट समजण्याचाच नियम असतो, अन्यथा एक बरोबरी सोडवण्यासाठी दुसरी आणि दुसरीसाठी पहिली, असे चक्र सुरू होण्याचा धोका राहतो.

हे सर्व नियम मुळात ज्या काळात बसवले गेले, तेव्हा कॉन्फरन्समधील संघ आठ-दहा असत आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या पैशाने ही रचना मोडली. २०२४ मध्ये प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील चार विद्यापीठे बिग टेनमध्ये आली आणि तिचे सदस्य १८ झाले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड अटलांटिकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले, यातील भौगोलिक विनोद अमेरिकी वार्ताहरांनी पुरेपूर वापरून घेतला. परिणामी बिग टेनच्या बास्केटबॉलमध्ये त्या हंगामात एका संघाने २० सामने खेळले, त्यांत तीन प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि उरलेल्या १४ जणांशी एकदाच. फुटबॉलमध्ये तर कॉन्फरन्सअंतर्गत सामने आठ-नऊच असतात. म्हणून कित्येक संघ वर्षभरात भेटतही नाहीत. आपसांतील सामना हा ज्या पद्धतीचा पाया, तो सामनाच झालेला नाही अशी परिस्थिती आता नित्याची झाली आहे.

बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्समधील २०२४ चा फुटबॉल हंगाम याचा उत्तम नमुना आहे. ॲरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, ब्रिगहॅम यंग आणि कोलोरॅडो हे चार संघ सात विजय आणि दोन पराभव घेऊन पहिल्या स्थानी एकत्र आले आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जागा होत्या दोन. चार संघांच्या सहा जोड्या होतात. त्यांतील ॲरिझोना स्टेट आणि ब्रिगहॅम यंग ही एकच जोडी प्रत्यक्ष भेटलेली होती. आयोवा स्टेट तर उरलेल्या तिघांपैकी कोणाशीच खेळले नव्हते. तेव्हा चौघांनी सामायिकपणे ज्यांच्याशी सामने खेळले, त्या प्रतिस्पर्ध्यांकडे वळावे लागले आणि असे संघ निघाले चारच : कॅन्सस, कॅन्सस स्टेट, युटा आणि सेंट्रल फ्लोरिडा. ॲरिझोना स्टेटने चारही जिंकले होते. आयोवा स्टेट आणि ब्रिगहॅम यंग दोघेही कॅन्ससकडून हरलेले. कोलोरॅडोचे दोन विजय, दोन पराभव. ॲरिझोना स्टेटचे स्थान येथे निश्चित झाले, दुसरी जागा पुढच्या पायऱ्यांवर आयोवा स्टेटला गेली आणि अंतिम सामना ॲरिझोना स्टेटने ४५-१९ असा जिंकला. हंगामापूर्वीच्या अंदाजात या संघाला सोळावे, म्हणजे शेवटचे, स्थान दिले गेले होते. सामायिक प्रतिस्पर्ध्यांच्या या पायरीत न्याय आहे, पण तो पातळ आहे. नऊ सामन्यांच्या हंगामातील पाच सामने तिने विचारातच घेतले नाहीत.

त्याही पलीकडे गेले की प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित यशाचे प्रमाण येते, म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही खेळलात ते इतरांविरुद्ध किती जिंकले याचा हिशेब. या पायरीवर संघाचे भवितव्य त्याच्या हातून पूर्णपणे निसटते. अटलांटिक कोस्टच्या २०२५ च्या फुटबॉल हंगामात व्हर्जिनियानंतर दुसऱ्या स्थानी मायामी, ड्यूक, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि सदर्न मेथडिस्ट असे पाच संघ सहा विजय, दोन पराभवांवर अडकले, आणि या हिशेबाने अंतिम सामन्याची जागा मिळाली ड्यूकला, ज्याची कॉन्फरन्सबाहेरची कामगिरी पाचांत सर्वांत फिकी होती. ड्यूकने व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० असे हरवून विजेतेपद पटकावले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या १२ संघांत मात्र समितीने निवडले ते मायामीला. कॉन्फरन्सचा विजेता बाहेर आणि अंतिम सामनाही न खेळलेला संघ आत, ही विसंगती पाहून नियम सदोष होता असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नियमाचे काम सर्वोत्कृष्ट संघ शोधणे हे नसून सारख्या ठरलेल्यांत पूर्वघोषित मार्गाने क्रम लावणे हे आहे, आणि तेवढे त्याने केले.

ज्या पायरीविषयी खरा आक्षेप घ्यावा अशी पायरी वेगळीच आहे : बाहेरच्या क्रमवारीवर भिस्त ठेवणारी. २००८ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण विभागात टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५, टेक्सस टेकने टेक्ससला ३९-३३ आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६५-२१ असे हरवले. तिघांचाही प्रत्येकी एक पराभव, तोही एकमेकांकडून, वर्तुळ पूर्ण. अन्य पायऱ्या निष्फळ ठरल्यावर तेव्हाच्या राष्ट्रीय क्रमवारीचा कौल घेतला गेला. ही क्रमवारी दोन मतचाचण्या आणि सहा संगणकीय सूत्रे यांची सरासरी काढून तयार होई, आणि त्या मतचाचण्यांपैकी एकीत मत देणारे लोक स्वतः प्रशिक्षक होते. ओक्लाहोमा ०.९३५१, टेक्सस ०.९२२३, ०.०१२८ एवढ्या फरकाने ओक्लाहोमा विभागाचा प्रतिनिधी ठरला आणि पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामनाही खेळला. टेक्सस समर्थकांनी ४५-३५ हा आकडा पुढे कित्येक दिवस फलकांवर नाचवला. लिहिलेला नियम असूनही शेवटी निर्णय मतांनीच झाला, म्हणजे १९७३ पासून अंतर फारसे कापले गेले नाही, असा निष्कर्ष येथे अपरिहार्य ठरतो. बास्केटबॉलमध्ये काही कॉन्फरन्स शेवटच्या पायरीवर एनसीएएने २०१८ पासून वापरात आणलेले नेट हे संगणकीय मानांकन घेतात. त्यात मतदार नसले तरी सूत्राचे पूर्ण तपशील सामान्य प्रेक्षकाला तपासता येत नाहीत.

त्या तुलनेत नाणेफेक अधिक प्रामाणिक आहे, हे विधान उपरोधाने केलेले नाही. साउथईस्टर्नच्या महिला बास्केटबॉलमध्ये २०२५ साली साउथ कॅरोलायना आणि टेक्सस यांनी साखळीतील १६ पैकी १५ सामने जिंकले. दोघांचा एकमेव पराभव एकमेकांकडून झाला होता, जानेवारीत साउथ कॅरोलायना जिंकले तर फेब्रुवारीत टेक्सस. आपसांतील हिशेब सुटला नाही आणि दोघांनी उरलेल्या प्रत्येकाला हरवले असल्यामुळे तक्ता वरून खालपर्यंत उतरूनही फरक सापडणे शक्य नव्हते. नियमानुसार कॉन्फरन्सचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात नाणे उडवले आणि अव्वल मानांकन साउथ कॅरोलायनाकडे गेले. आठवडाभराने ग्रीनव्हिल येथे हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले व साउथ कॅरोलायनाने ६४-४५ असा विजय मिळवला. एवढ्या मोठ्या कॉन्फरन्सने नाणे उडवावे याची थट्टा झाली. परंतु या दोन संघांत फरक करण्याजोगा कोणताही पुरावा शिल्लक नाही, हे जाहीरपणे मान्य करणारी ती एकच पायरी होती.

पुढील विवेचनात बास्केटबॉलला अधिक जागा दिली आहे, कारण संपूर्ण तक्त्याचे मानांकन तेथेच करावे लागते. फुटबॉलचा विचार अंतिम सामन्याच्या दोन जागांपुरता केला आहे. आइस हॉकी आणि सॉकर या खेळांत अनिर्णित सामन्यांना, आणि हॉकीत जादा वेळेतील विजयांनाही, वेगळे गुण असल्याने तेथील बरोबरीची जातच निराळी आहे, म्हणून ते खेळ बाजूला ठेवले आहेत. हे नियम कॉन्फरन्सची सदस्यसंख्या बदलली की पुन्हा लिहिले जातात. त्यामुळे कोणताही नियम त्याच्या हंगामाच्या वर्षासह वाचावा.